गाडी हवा घेतेय!

आईची जुनी डिझेल गाडी विकून टाकायची, असं आम्ही भावंडांनी ठरवून टाकलं होतं. पण विकायची म्हटली तरी आधी ती सुरू तर व्हायला हवी ना!

मे महिन्यातला शनिवार, सकाळचे साडेसात. वाईतल्या आमच्या घरासमोर गाडीत बसून मी पाचव्यांदा सेल्फ मारत होते. घर्रर्र... घर्रर्र... घर्रर्र. इंजिन फिरत होतं, पण धरत नव्हतं. आई ओट्यावर चहाचा कप घेऊन उभी. एक शब्द बोलत नव्हती. पण चेहरा मात्र सरळ सांगत होता, ‘बघ, गाडीलासुद्धा जायचं नाहीये.’

प्लॅन एकदम सिम्पल होता. शुक्रवारी रात्री स्वारगेटहून एसटीनं वाई. शनिवारी सकाळी गाडी घेऊन पुण्याला परत. दुपारी ती भंगारात द्यायची, संध्याकाळी एक फीचर मेल करायचं आणि रविवारी मस्त ताणून द्यायची. दादानं बंगलोरहून फोनाफोनी करून सगळं जमवलं होतं. फॅमिली ग्रुपवर दादाचा अंगठा, वहिनीचा अंगठा, माझा अंगठा. आईनं मेसेज वाचला होता, पण अंगठा दिला नव्हता. तिकडे कुणी लक्षच दिलं नाही.

गाडी २००६ ची. पांढरी हॅचबॅक, १.४ लिटरचं, टर्बो नसलेलं डिझेल इंजिन. नाव मुद्दामच सांगत नाही. त्या काळात एकदा जरी टुरिस्ट गाडी केली असेल, तरी बहुतेक तुम्ही तिच्यात बसलेले आहात. आई तेव्हा बेचाळीसची होती आणि मी तिसरीत. धोम धरणाच्या अंगाला एका गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. एसटी चुकली की वडाप. अकरा वर्षं वडापमध्ये अवघडून बसल्यावर एक दिवस तिनं शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि गाडी घेतली. गाडी आधी आली, ड्रायव्हिंग ती नंतर शिकली. बाबा शेवटपर्यंत शेजारच्या सीटवरच बसले. ते गेल्यावरही तिनं गाडी सोडली नाही.

रिटायर झाल्यावर तर आई जास्तच सुटली. दर पंधरा दिवसांनी तीन मैत्रिणींना घेऊन पसरणी घाट चढायचा, पाचगणी आणि तिथून पुढे भिलार. २०१७ पासून भिलार हे ‘पुस्तकांचं गाव’ आहे. तिथे घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात. हवं ते घ्या आणि बसून वाचा. या चौघी दिवसभर वाचायच्या, पिठलं-भाकरी खायच्या आणि अंधार पडायच्या आत खाली उतरायच्या. फेब्रुवारीपासून ते बंद झालं होतं. का गं, विचारलं तर म्हणायची, ‘कंटाळा येतो आताशा.’

वय झालंय!

मार्चमध्ये मी गाडी आठवडाभर पुण्याला आणली होती. तेव्हाच सकाळी सुरू व्हायला ती जाम त्रास द्यायची. मग एका चकाचक गॅरेजमध्ये नेली. एसी वेटिंग रूम, कॉफी मशीन, सगळं सही. वीस मिनिटांत त्यांनी कागद हातात दिला. डिझेल पंप ओव्हरहॉल, चार नोझल आणि लेबर मिळून २८,५०० रुपये. सल्ला मात्र फुकट : ‘मॅडम, गाडीचं वय झालंय. पंप गेलाय. यात पैसे घालू नका.’

विकायला काढली तर गाडीचे तीस-पस्तीस हजार आले तरी खूप. त्यात पासिंगचं टेन्शन. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की पुनर्नोंदणी करावी लागते आणि मग दर पाच वर्षांनी पुन्हा. आमची २०२१ मध्ये झाली होती, म्हणजे २०२६ ला परत रांग. २०२२ मध्ये कारच्या पुनर्नोंदणीचं शुल्क ६०० वरून ५,००० वर गेलं आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी १०,००० झालं. हिशोब उघड होता.

त्याच महिन्यात दादा फोनवर आईबद्दल म्हणाला, ‘तिचं आता वय झालंय यार. घाटात गाडी चालवणं सेफ नाही.’ मी ‘हो ना’ म्हटलं. एकाच महिन्यात दोन निदानं, दोन्हींत तेच दोन शब्द आणि दोन्ही वेळा मी मान डोलावून मोकळी!

वही आण

‘सेल्फ मारणं बंद कर. बॅटरी बसेल,’ आई अखेर बोलली. ‘दहा सेकंदांच्या वर मारायचा नसतो. उतर आणि वही आण.’

‘वही?’

‘लक्षणं लिहायला.’

सातवीच्या वर्गाला विज्ञान शिकवलेल्या बाईशी वाद घालायचा नसतो. मी वही आणली. आई स्वतः गाडीत बसली आणि मला मागे पाठवलं. ‘मी सेल्फ मारते. सायलेन्सरमधून धूर येतो का बघ. येत असेल तर रंग सांग.’

धूर येतच नव्हता. काळा नाही, पांढरा नाही, काहीच नाही.

‘म्हणजे डिझेल पोचतच नाहीये,’ आई म्हणाली. मी थक्क. मागच्या एकोणीस वर्षांत तिनं गाडीबद्दल हे सगळं कधी गोळा केलं? नंतर कळलं, धुराचा हा फंडा अगदी बेसिक आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर चोंदलाय का, नोझल टपकतंय का, ते बघायचं. सुरू करताना पांढरा धूर म्हणजे डिझेल आत जातंय, पण जळत नाहीये. बऱ्याचदा हीटर गेलेले असतात. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. आणि सेल्फ मारताना धूरच नाही, तर सिलिंडरपर्यंत डिझेल येतच नाहीये.

अकरा वाजता बावधन नाक्याकडचे मिस्त्री आले. साठीचे, खिशात दहा आणि चौदाचा पाना पेनासारखा खोचलेला. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी मला विचारलं, ‘ताई, गरम झाल्यावर कशी लागती? बंद करून लगेच सुरू केली तर?’

‘लगेच लागते. फक्त सकाळीच त्रास.’

‘मग पंप न्हाई गेल्याला,’ ते म्हणाले. ‘पंप झिजला की गाडी गरम झाल्यावर रडती. डिझेल तापून पातळ हुतं, झिजल्या जागंतनं निसटतं, दाब धरत न्हाई. ही उलटं करतीया.’

मी वहीत लिहिलं. पुण्याच्या गॅरेजनं हा प्रश्न मला विचारलाच नव्हता. पण खरं सांगायचं तर मीही आपणहून सांगितलं नव्हतं.

शहाळ्यातली स्ट्रॉ

पुढची गंमत कळायला डिझेल इंजिन कसं चालतं, ते थोडं बघू. टेन्शन घेऊ नका, आईनं मला चहा संपायच्या आत समजावलं.

पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते, डिझेलमध्ये ठिणगी नसतेच. पिस्टन आतली हवा दाबतो. आमच्यासारख्या जुन्या इंजिनात साधारण बाविसाव्या हिश्श्यापर्यंत. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो ना, तसंच, पण कितीतरी पटीनं. त्या तापलेल्या हवेत बरोबर वेळेला डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेटतो. म्हणजे बॅटरी आणि सेल्फ ठणठणीत असतील, तर जुनी डिझेल गाडी सुरू न होण्याचा संशय पहिल्यांदा डिझेलच्या वाटेवरच घ्यायचा.

तो फवारा मारणं हेच खरं अवघड काम. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ मध्ये जर्मनीत ऑग्सबर्गला आपलं इंजिन यशस्वी करून दाखवलं, तेव्हा डिझेल आत ढकलायला दाबलेली हवा लागायची आणि ती दाबायला वेगळा कॉम्प्रेसर. असं धूड कारमध्ये कुठे बसणार? १९२७ मध्ये बॉश कंपनीनं डिझेलचे पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले आणि १९३६ मध्ये मर्सिडीजची २६० डी ही डिझेल कार आली. आपल्याकडे १९५१ मध्ये बंगलोरला ‘मायको’ सुरू झाली. २००८ मध्ये तिचं नाव ‘बॉश लिमिटेड’ झालं, पण गॅरेजमधल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘मायको’च आहे. २८,५०० चा आमचा कागद याच पंपासाठी होता.

आता वाट बघा. टाकी मागे, इंजिन पुढे. टाकीतून निघालेलं डिझेल गाडीच्या पोटाखालच्या पाइपमधून पुढे येतं, फिल्टरमधून गाळून पंपात जातं, पंपातून चार बारीक लोखंडी नळ्यांनी चार नोझलना. उरलेलं डिझेल दुसऱ्या पाइपनं टाकीत परत. आमच्या गाडीत टाकीच्या आत मोटर नाही. पुढचा पंपच एवढ्या लांबून डिझेल ओढून घेतो.

‘शहाळ्यातल्या स्ट्रॉसारखं,’ आई म्हणाली. ‘स्ट्रॉला चीर असली तर काय होतं?’

‘पाणी कमी येतं. फुर्रफुर्र हवा येते.’

‘आणि चिरेतून पाणी बाहेर सांडतं का?’

नाही सांडत. इथेच सगळी मेख होती. पंपाच्या पुढे गळती असेल तर डिझेल बाहेर उडतं, वास येतो, डाग पडतो. पण पंपाच्या मागे, ओढणीच्या बाजूला फट असेल तर चालू गाडीत बाहेर बहुतेक काहीच दिसत नाही. उलट हवा आत ओढली जाते. आणि गाडी रात्रभर उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरते आणि पाइपमधलं डिझेल हळूहळू मागे टाकीत उतरतं. सकाळी पंप ओढतो, तर हाती नुसती हवा.

मिस्त्रींच्या भाषेत : ‘गाडी हवा घेतीया.’

एका वेळी एकच

मिस्त्रींना फट शोधायची घाई होती, पण आईचा नियम कडक होता. ‘एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर कशामुळे झाली ते कळणार नाही.’ मिस्त्री हसले. पण ऐकलं त्यांनी.

सुरुवात फुकटातल्या तपासण्यांपासून. टाकीचं झाकण उघडलं. त्याची हवेची वाट चोंदली की टाकीत पोकळी तयार होते आणि गाडी थोडं चालून बंद पडते. उघडताना ‘फुस्स’ असा जोरात आवाज आला, तर संशय घ्यायचा. आमचं झाकण गप्प होतं. मग फिल्टरच्या बुडाचा स्क्रू ढिला करून थोडं डिझेल बरणीत काढलं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसतं. बरणीत तळाला चमचाभर पाणी निघालं, पण एवढ्यानं गाडी अडत नाही. चावी फिरवून हीटरची तपासणी झाली. चारही हीटर ठीक. पंपावरच्या कट-ऑफचा ‘टक्’ आवाजही आला. तो गेला तर पंपाला डिझेल मिळतच नाही.

मग मिस्त्रींनी फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा हातपंप दाबायला मला लावलं. आधी एकदम मऊ, नुसता फसफस. मोजून अडतीस वेळा दाबल्यावर तो कडक झाला आणि हवा काढायच्या स्क्रूमधून बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं. स्क्रू आवळला, आईनं सेल्फ मारला आणि गाडी लागली! मेणवलीच्या रस्त्यानं चक्कर मारून आलो. एकदम झक्कास.

मी दादाला मेसेज टाकला : ‘गाडी ओके. संध्याकाळी निघते.’ आई म्हणाली, ‘उद्या सकाळपर्यंत थांब. रोग सकाळचा आहे, संध्याकाळी बरा वाटणारच.’

रविवारी सकाळी गाडी पुन्हा ठप्प.

घाटातला अर्धा तास

शनिवारची संध्याकाळ मात्र मला सांगायलाच हवी. आईची एक मैत्रीण पन्हं घेऊन आली होती. अंगणात वही उघडी पडलेली बघून म्हणाली, ‘अगं, ते घाटातलं लिहिलंस का?’

‘कुठल्या घाटातलं?’

आई एकदम आत गेली. पन्ह्याला ग्लास आणायला. ग्लास समोरच होते.

मैत्रिणीनंच सांगितलं. फेब्रुवारीत भिलारला जाताना पसरणी घाटात गाडीचा दम गेला. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ओढेना, आणि एका वळणावर बंदच पडली. मागून ट्रक, टुरिस्टच्या गाड्या, हॉर्नवर हॉर्न. एक बाबा खिडकीशी येऊन ओरडला, ‘मावशी, जमत नाही तर चालवता कशाला?’ अर्धा तास चौघी तिथेच. मग गाडी आपोआप लागली आणि आईनं जपून खाली आणली. त्यानंतर भिलार बंद. आम्हाला कुणालाच सांगितलं नाही.

‘का नाही सांगितलंस?’ मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

‘सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात?’

उत्तर तिलाही माहीत होतं आणि मलाही. ग्रुपवर अंगठ्यांसह लिहिलेलंच होतं.

मास कॉमच्या पहिल्या सेमिस्टरला आम्हाला शिकवलं होतं, आधी ज्याच्यावर गुदरलं त्या माणसाशी बोला, मग एक्स्पर्टकडे जा. मी गाडी चालवली आठवडाभर, आईनं एकोणीस वर्षं. पण पुण्याच्या गॅरेजमध्ये जाण्याआधी मी तिला एक फोन करून विचारलं नव्हतं की, गाडीला नेमकं काय होतंय. त्या रात्री विचारलं. तासभर ती सांगत होती आणि मी लिहीत होते. घरासमोर चढावर नाक वर करून लावली की सकाळी जास्त त्रास. मंदिराजवळ उतारावर नाक खाली करून लावली की कमी. टाकी फुल्ल असली की बरी, पाव टाकीला वाईट. सपाटीवर ठीक, चढावर दम तोडते. या सगळ्याचा अंदाज घेऊन ती चार महिने गाडी उतारावर लावत होती आणि टाकी भरून ठेवत होती. आम्ही समजत होतो, तिला कंटाळा आलाय.

सलाईन

रविवारी मिस्त्रींनी वही वाचली. ‘आता बगा, सगळं एका माळंत आलं,’ ते म्हणाले. नाक वर असलं की डिझेल मागे उतरायला सोपं. टाकी रिकामी असली की पंपाला जास्त खालून ओढावं लागतं. चढावर इंजिनाला डिझेल जास्त लागतं, ओढ वाढते आणि फटीतून हवाही जास्त शिरते. दोन वेगळे आजार नव्हतेच. एकाच फटीची दोन लक्षणं होती. यातलं अर्धं आईनं लपवलं आणि अर्धं आम्ही विचारलं नाही.

फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये त्यांनी वीतभर पारदर्शक पाइप बसवला, हातपंप मारून गाडी सुरू केली आणि मला डोळा लावून बसवलं. मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक पंपाकडे चालले होते. आईनं रेस दिली की बुडबुडे वाढायचे. चोर दिसला नव्हता, पण त्याची पावलं दिसत होती.

मग एका नोझलचा नट जरा ढिला करून सेल्फ मारला. डिझेल फेसाळून बाहेर आलं. इथे मिस्त्रींनी माझा हात झटकला. ‘बोट लावू नगा.’ या फवाऱ्याला एवढा दाब असतो की डिझेल कातडीतून आत घुसू शकतं, आणि मग थेट हॉस्पिटल. तुमच्याकडे नवी कॉमन रेल डिझेल गाडी असेल तर हा नट ढिला करायचा प्रयोग अजिबात, म्हणजे अजिबात करायचा नाही. तिथला दाब हजार बारच्याही कितीतरी वर जातो.

आता शेवटची परीक्षा. मिस्त्रींनी प्लास्टिकच्या बाटलीत स्वच्छ डिझेल भरलं, बॉनेटच्या कडेला उलटी टांगली आणि तिची नळी थेट पंपाला जोडली. पंपातून परत येणारं डिझेल दुसऱ्या बाटलीत सोडलं. टाकी, पोटाखालचा पाइप, फिल्टर, सगळं बाजूला. गाडीला चक्क सलाईन!

‘रातभर ऱ्हाऊ दे अशीच. सकाळी एका सेल्फात लागली तर पंप निर्दोष. न्हाई लागली तर पुण्यावाल्याचं खरं.’

रविवारचे फीचर, सोमवारची डेडलाईन, सगळं गेलं खड्ड्यात. रात्री मला झोप लागेना. मी एका बाटलीच्या बाजूनं एवढी का झाले होते? कारण पंप गेलेला निघाला असता तर दादाचा हिशोब बरोबर ठरला असता. गाडी भंगारात, आणि आई घरात.

सोमवारी सकाळी सहा वाजता आई गाऊनवरच गाडीत बसली. चावी फिरवली, हीटरचा दिवा विझायची वाट पाहिली. एक सेल्फ. अर्धासुद्धा नाही. गाडी लागली. शेजारचे काका दात घासत बाहेर आले, एवढ्या जोरात मी ओरडले.

वीतभर रबर

फट टाकीपासून फिल्टरपर्यंत कुठेतरी होती. फिल्टर नवा घातला, तिथले तांब्याचे वॉशर बदलले. पारदर्शक पाइपात बुडबुडे तसेच. म्हणजे चोर पोटाखाली. गाडी जॅकवर घेतली, पुढच्या चाकांना दगड लावले, खाली लाकडी ठोकळे सरकवले. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जायचं नाही, हा मिस्त्रींचा पहिला आणि शेवटचा नियम. टाकीजवळ लोखंडी पाइप आणि टाकी यांना जोडणारा वीतभर रबरी पाइप होता. बाहेरून चांगला काळाभोर. मिस्त्रींनी क्लिप सोडवून तो वाकवला, तर क्लिपच्या खालीच केसासारख्या बारीक भेगा. रबर अगदी काठीसारखं कडक झालेलं.

रबराचं हे दुखणं जगभरचं आहे. अमेरिकेत १९९३ मध्ये डिझेलमधलं गंधक कमी केलं, तेव्हा अनेक जुन्या गाड्यांच्या पंपांची रबरी सील गळायला लागली. जुन्या डिझेलमधल्या काही घटकांनी रबर फुगून घट्ट बसलेलं असायचं. ते घटक कमी झाले तसं रबर आक्रसलं. आपल्याकडेही एप्रिल २०२० पासून देशभर दहा लाखांत फक्त दहा भाग गंधक असलेलं डिझेल मिळतं. हवेसाठी चांगलंच आहे ते. पण जुन्या गाडीचं रबर तपासत राहायला हवं. आमच्या पाइपाला मात्र एवढं मोठं कारण शोधायची गरज नव्हती. एकोणीस उन्हाळे त्यानं काढले होते, आणि तो बदलायचा असतो हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

नवा पाइप आणि दोन क्लिप १४० रुपये. फिल्टर, वॉशर, मिस्त्रींची तीन दिवसांची मजुरी धरून सगळं १,९०० रुपये. जुन्या फिल्टरच्या तळाला साठलेला काळा गाळ दाखवून मिस्त्री आईला म्हणाले, ‘बाई, फिल्टरचं पाणी दर महिन्याला काढायचं. आन टाकी पावच्या खाली न्यायची न्हाई.’ आईनं ते वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

मंगळवारी सकाळी गाडी नाक वर करून चढावरच लावलेली होती. मुद्दाम. एका सेल्फात लागली.

मी एसटीनं पुण्याला आले. ग्रुपवर एवढंच लिहिलं, ‘गाडी विकत नाहीये. कारण आईला विचारा.’ दादाचा अर्ध्या तासात फोन. तासभर भांडलो. त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. आई एकसष्टची आहे. पुढे कधीतरी डोळे, गुडघे, घाट यांचा हिशोब करावाच लागेल. फक्त तो हिशोब आम्ही तिच्या पाठीमागे करायचा नाही, एवढं ठरलं. त्यानं शेवटी आईला फोन लावला. ती म्हणाली, ‘पुढच्या महिन्यात डोळे तपासून घेते. पासिंगची वेळ आली की गाडीचंही बघू. पण चालवणं थांबवायची वेळ आली की ते मी तुम्हाला सांगेन. तुम्ही मला नाही.’ दादानं हे मला सांगितलं तेव्हा तो जरा गप्पच होता.

तुमच्याही घरी, गावी, एखादी जुनी गाडी असेल. एखादं माणूस ‘कंटाळा येतो’ म्हणून हल्ली कुठे जात नसेल. ‘वय झालंय’ हे निदान सोपं असतं, कारण ते केलं की पुढे काही शोधावं लागत नाही. त्याआधी एकदा टाकीपासून सुरुवात करून बघा. आणि जो रोज चालवतो, त्याला विचारा.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला मी झोपेतच होते. आईचा फोन. मागे तिघींचा गलका.

‘भिलारला पोचलो गं. अख्खा घाट तिसऱ्या गियरवर चढली.’